ओल्या वाळूतली अंगठी

अंधेरीजवळ वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला मेटल डिटेक्टर फिरवला, की नुसती ओली वाळूच बोलू लागते. यंत्र बिघडलेलं नसतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्याचा हा आवाज. आधी संवेदनशीलता थोडी उतरवा. मग धातू नसलेल्या जागी तबकडी खाली-वर करत, आवाज शमेपर्यंत ‘ग्राउंड बॅलन्स’ जुळवा. सोन्याची नाजूक अंगठी आणि चॉकलेटची चांदी जवळपास सारखाच आवाज देतात, म्हणून उकरून पाहणंच खरं. खड्डा लगेच बुजवा. महाकाली, कान्हेरी अशा संरक्षित लेण्यांच्या परिसरात मात्र हा छंद नकोच. आणि १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार, १० रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.