शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे

पडेगावच्या एक ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातातला मॅमोग्राफीचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीचा होता. शेवटच्या ओळीत लिहिले होते ‘बायरॅड्स ०’. मुलाने वाचून सांगितले, ‘आई, शून्य आहे, म्हणजे काही नाही.’ ताई निर्धास्त झाल्या. खरे तर या शून्याचा अर्थ उलटा आहे. एवढ्या फिल्मवरून निर्णय देता येत नाही, आणखी तपासणीसाठी या, असे तो सांगतो.

फिल्मवर आम्ही काय पाहतो? चुन्याचे बारीक कण, गाठ, आत ओढल्यासारखी रचना आणि डाव्या-उजव्या स्तनांतला फरक. मोठे, गोल, विखुरलेले कण बहुधा निरुपद्रवी असतात. बारीक, वेडेवाकडे आणि एकाच जागी दाटलेले कण संशय वाढवतात. गाठीची कड गुळगुळीत असेल तर धीर वाटतो; काटेरी असेल तर नाही. जुनी फिल्म शेजारी ठेवली की नवा बदल चटकन कळतो. म्हणून जुन्या फिल्म टाकून देऊ नका.

आता आकडे. १ आणि २ म्हणजे कर्करोगाचे चिन्ह नाही. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नसते. बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढतात. ४ असेल तर सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. ५ मध्ये शक्यता ९५ टक्के किंवा अधिक.

पण ‘परत या’ म्हटले की घाबरूही नका. काहीही त्रास नसताना केलेल्या तपासणीनंतर परत बोलावलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. मात्र हाताला गाठ लागत असेल, तर फिल्म स्वच्छ असली तरी डॉक्टरांना दाखवा. दाट स्तनांत गाठ फिल्मवर लपू शकते.

ताईंच्या मोठ्या केलेल्या फिल्ममध्ये कण दाटलेलेच दिसले. सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला. सुदैवाने तो दुधाच्या नलिकेतच होता, बाहेर पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, ताई बऱ्या आहेत.

दोष मुलाचा नव्हे. आकड्याचा अर्थ सांगणे हे आम्हा डॉक्टरांचे काम. आम्ही विसरलो, तर भगिनींनो, तुम्ही विचारा. पडेगावहून छावणीमार्गे आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय फार दूर नाही. रिपोर्ट कपाटात ठेवण्याआधी एवढेच विचारा: ‘डॉक्टर, आता पुढे काय करायचे?’