सरकारी नोकर आणि त्याचा संघ

सरकारी कचेरींत नव्यानें लागलेल्या तरुणाच्या हातीं पहिला पगार पडतो न पडतो तोंच मधल्या सुटींत एखादा वडीलधारा सहकारी त्याच्यापुढें एक छापील कागद ठेवतो. कागद असतो कर्मचारी-संघाच्या सभासदत्वाचा. तरुण तो घरीं आणतो आणि रात्रीं पानावर बसल्यावर गोष्ट निघते. वडील म्हणतात, "सरकारी नोकरी आहे, युनियनच्या भानगडींत पडूं नकोस. उद्यां संप झाला कीं नोकरीवर गदा यायची." आई काळजीनें एवढेंच विचारते, "सही केलीस का रे?" मग तो कागद कपाटांतल्या जुन्या कागदांत जाऊन पडतो.

ही काळजी खोटी नाहीं. परंतु तिच्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. संघाचें सभासद होणें ही एक गोष्ट, त्या संघास सरकारनें मान्यता देणें ही दुसरी, आणि संपावर जाणें ही तिसरी. पहिली गोष्ट नागरिकाच्या हक्काची आहे, दुसरी सरकारच्या नियमांची आहे, आणि तिसरीस न्यायालयांनीं मूलभूत हक्क म्हणून थारा दिलेला नाहीं. या तिन्ही वेगळ्या करून पाहिल्या म्हणजे निम्मी भीति नाहींशी होते, आणि जी उरते ती योग्य जागीं उरते.

संघ मुळांत हवाच कशाला? खासगी दुकानांतील गुमास्ता मालकासमोर उभा राहून पगार वाढवून मागूं शकतो. सरकारी नोकराचा मालक त्याला कधींच भेटत नाहीं. त्याचा पगार, महागाई भत्ता, रजा, बढती, निवृत्तिवेतन हें सर्व लाखों माणसांसाठीं एकदम केलेल्या नियमांनीं ठरतें. त्यानें एकट्यानें अर्ज केला, तर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चढत जातो आणि "नियमांत बसत नाहीं" असा शेरा घेऊन परत येतो. शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याचाही त्यांत दोष नसतो. नियम बदलणें त्याच्या हातीं नसतें. गाऱ्हाणें जेव्हां नियमाविरुद्धच असतें, तेव्हां तें एकट्याचें राहत नाहीं. तें सर्वांचें असतें, आणि सर्वांच्या वतीनें बोलणारें कोणीतरी असावें लागतें.

टपालखात्यांतील लोकांस ही गोष्ट फार लवकर उमगली होती. मुंबईस १९०७ सालींच पोस्टल युनियन निघालेली होती. दुसऱ्या महायुद्धानें धान्याचे आणि कापडाचे भाव चढविले, आणि ठराविक पगारावर जगणाऱ्या घरांची फार ओढाताण झाली. १९४६ च्या मे महिन्यांत वरदाचारियार यांच्या अध्यक्षतेखालीं पहिला वेतन आयोग नेमला गेला. त्याच वर्षींच्या जुलैमध्यें टपालवाल्यांचा देशव्यापी संप झाला. १९४७ सालीं आयोगानें सर्वांत खालच्या नोकरास ३० रुपये मूळ पगार आणि २५ रुपये महागाई भत्ता, मिळून ५५ रुपये सुचविले. पुढें जगन्नाथ दास यांच्या दुसऱ्या आयोगानें ही रक्कम ८० रुपयांवर नेली. परंतु कुटुंबाच्या अन्नवस्त्राच्या व निवाऱ्याच्या गरजेवरून किमान वेतन ठरवावें असा ठराव १९५७ सालच्या भारतीय श्रम परिषदेनें केलेला होता, आणि नोकरांची मागणी त्या मापानें होती. १९६० च्या ११ जुलैच्या मध्यरात्रीं केंद्र सरकारच्या नोकरांनीं संप पुकारला. सरकारनें वटहुकूम काढून तो बेकायदा ठरविला, आणि पांच दिवसांत संप मागें घेतला गेला.

त्या संपानें तत्काळ कांहीं हातीं लागलें नाहीं. तरीही दोन्ही बाजूंस समोरासमोर बसण्याची एक कायमची जागा हवी, ही गोष्ट त्यानंतरच्या वर्षांत पटत गेली, आणि १९६६ च्या ऑक्टोबरांत संयुक्त विचारविनिमयाची योजना सुरू झाली. तिच्यांत राष्ट्रीय मंडळ, खात्याचें मंडळ आणि कचेरीचें मंडळ अशा तीन पायऱ्या आहेत. राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष मंत्रिमंडळाचे सचिव असतात, आणि समोर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधि बसतात. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि एखाद्या वर्गाची रजा या बाबतींत एकमत न झाल्यास प्रश्न सक्तीच्या लवादाकडे जाऊं शकतो. लवादाच्या निवाड्यांत फेरबदल करण्याचा अंतिम अधिकार संसदेस आहे. एकट्याच्या अर्जास जें टेबल कधींच मिळालें नसतें, तें संघांमुळें मिळालें.

आतां हक्काची गोष्ट. राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) नें प्रत्येक नागरिकास संघ स्थापण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. सरकारी नोकरी पत्करल्यानें हें स्वातंत्र्य जातें काय, हा प्रश्न मुंबईच्याच लेखापरीक्षण खात्यांतील एका नोकरामुळें न्यायालयापुढें आला. केंद्र सरकारच्या तेव्हांच्या वर्तणूक-नियमांत ४-ब असा एक नियम होता. ज्या संघास ठराविक मुदतींत सरकारची मान्यता मिळाली नाहीं, किंवा ज्याची मान्यता काढून घेण्यांत आली, अशा संघांत नोकरानें राहतां कामा नये, असें तो सांगे. हा गृहस्थ आपल्या खात्यांतील बिगर-राजपत्रित नोकरांच्या संघाचा चिटणीस होता. १९५९ सालीं सरकारनें संघाची मान्यता काढून घेतली. त्यानें संघ सोडला नाहीं. त्याच्यावर दोषारोप ठेवण्यांत आले. त्यानें कामांत कुचराई केली असा हा आरोप नव्हता. निदर्शनांत भाग घेतला आणि संघांत राहिला, हा होता. पोटावर बेतलेली वेळ होती. नांव कमी करून घेतलें असतें तर निदान दुसरा दोषारोप उरला नसता. परंतु तो उच्च न्यायालयाकडे गेला.

मुंबई उच्च न्यायालयानें नियम ४-ब घटनेविरुद्ध ठरविला. प्रकरण घोष विरुद्ध जोसेफ या नांवानें सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १९६२ च्या ३० ऑक्टोबर रोजीं न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं निकाल दिला. शिस्तीसाठीं व कार्यक्षमतेसाठीं असा नियम हवा, हें सरकारचें म्हणणें होतें. न्यायालयाचें उत्तर असें कीं, या स्वातंत्र्यावर बंधन घालावयाचें तर त्याचा सार्वजनिक सुव्यवस्थेशीं सरळ व निकटचा संबंध पाहिजे; सरकार आपल्या मर्जीनें जी मान्यता देतें व काढतें, तिच्यावर नागरिकाचा हक्क टांगून ठेवतां येत नाहीं. नियम ४-ब रद्द झाला. निदर्शनांवरील सरसकट बंदीही टिकली नाहीं. संपावरील बंदी मात्र कायम राहिली. संघाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक नव्या नोकराच्या मागें हा निकाल उभा आहे.

हा हक्क सर्वांस मात्र सारखा नाहीं. सैन्य आणि पोलीस यांच्या बाबतींत तो मर्यादित करण्याची मुभा घटनेनेंच दिली आहे, आणि १९६६ च्या कायद्यानें त्या कायद्याखालील पोलिसांस परवानगीवांचून कामगार-संघटनेंत जाण्याची मनाई आहे. दुसरा भेद खात्यांच्या स्वरूपाचा. रेल्वेसारख्या उद्योगरूप खात्यांतील लोकांच्या युनियना १९२६ च्या कामगार-संघटना कायद्याखालीं नोंदल्या जात आल्या. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे. रेल्वेंत कोणत्या युनियनशीं बोलणीं करावयाचीं हें गुप्त मतदानानें ठरतें; असें मतदान २००७, २०१३ आणि २०२४ सालीं झालें. राज्यकारभाराच्या कचेऱ्यांतील कारकुनांची गोष्ट वेगळी. ते उद्योगांतले कामगार नव्हेत, म्हणून त्यांचा संघ त्या कायद्याखालीं नोंदतां येणार नाहीं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयानें दिलेला आहे. अशा कचेऱ्यांतील संघांची भिस्त सरकारच्या मान्यतेवर असते.

केंद्र सरकारच्या अशा संघांसाठीं १९९३ चे मान्यता-नियम आहेत. संघ एका ठराविक वर्गाच्या नोकरांचा असावा, आणि त्या वर्गांतील निदान ३५ टक्के नोकर त्याचे सभासद असावेत. दुसऱ्या क्रमांकाच्या संघास १५ टक्के पुरतात. ही मोजणी पगारांतून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून होते, आणि मान्यता पांच वर्षांची असते. याचा अर्थ रोजच्या भाषेंत असा, कीं १,००० नोकरांच्या वर्गांत पहिल्या संघास ३५० सह्या हव्यात. ३४९ झाल्या, तर बोलणींच थांबतात. कपाटांत पडून राहिलेला एक कागद किती मोलाचा असतो, तें येथें कळतें. उलट महागाई भत्त्याचा वाढीव हप्ता मिळतो, तो कोण सभासद आणि कोण नाहीं हें पाहून मिळत नाहीं. ज्यानें वर्गणी भरली त्याला आणि ज्यानें भरली नाहीं त्यालाही तो सारखाच पोंचतो. म्हणूनच बाहेर राहणें सोपें वाटतें. परंतु सर्वच बाहेर राहिले, तर मागण्यास कोणी उरत नाहीं.

मान्यतेबरोबर बंधनेंही येतात. संघानें राजकीय निधि ठेवूं नये; एकट्यादुकट्या नोकराचें प्रकरण चालवूं नये; सर्वांच्या समान हिताचेंच बोलावें. एखाद्याची बदली रद्द करून मिळेल या आशेनें जो सभासद होतो, त्याची येथें निराशा होणार. राज्यांच्या नोकरांस त्यांच्या त्यांच्या राज्याचे नियम लागू आहेत. महाराष्ट्रांत वर्तणूक-नियम १९७९ चे आहेत.

राहतां राहिला संप. वडिलांची भीति येथें मात्र साधार आहे. २००३ सालीं तामिळनाडूंत संपावर गेलेल्या लाखाहून अधिक नोकरांस सरकारनें एकदम कामावरून काढलें. आणि त्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक, कोणताच हक्क नाहीं असें म्हटलें. संप होत नाहींत असें नव्हे. महाराष्ट्रांत १४ डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस राज्य सरकारी नोकर संपावर होते; केंद्राच्या दरानें महागाई भत्ता ही मागणी होती. २०२३ च्या मार्चमध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सात दिवस संप झाला. त्या दिवसांत कचेरीच्या दारांतून परत फिरणारा नागरिकही कोणाचा तरी बाप वा मुलगा असतो, आणि नोकराच्या घरीं वाण्याची उधारी वाढत असते. न केलेल्या कामाचा पगार मागतां येत नाहीं, आणि शिस्तभंगाची कारवाई होऊं शकते. हा निर्णय ज्यानें त्यानें त्या वेळीं, परिणाम जाणून करावयाचा असतो. सभासदत्वाचा कागद म्हणजे त्याची आगाऊ संमति नव्हे.

मग सभासद व्हावें कसें? प्रथम आपल्या वर्गाचा संघ कोणता, तो मान्यताप्राप्त अथवा नोंदलेला आहे काय, हें कचेरींत विचारावें. संघाची घटना मागून घ्यावी व वाचावी. निवडणूक मुदतींत होते काय, जमाखर्च तपासून वार्षिक सभेपुढें ठेवला जातो काय, वर्गणीची पावती मिळते काय, हें पाहावें. दोन संघ असल्यास दोहोंचीं कागदपत्रें शेजारीं शेजारीं ठेवून निवड करावी. नंतर पगारांतून वर्गणी कापण्याचें संमतिपत्र भरून द्यावें आणि त्याची एक प्रत घरीं ठेवावी. सभासद झाल्यावर सभेस जावें. सभासदांनीं सभेकडे पाठ फिरविली कीं संघ चार माणसांचा होतो, आणि मग तो सर्वांच्या नांवानें चुकीचेंही बोलूं लागतो.

पुन्हां त्या रात्रीच्या पानाकडे यावें. मुलानें हा भेद समजावून सांगितला, तर वडील लगेच हो म्हणतील असें नाहीं. त्यांनीं संपाचे दिवस पाहिलेले असतात. परंतु कागद कपाटांत टाकण्याऐवजीं ते कदाचित् चष्मा लावतील, आणि संघाची घटना वाचावयास मागतील. तेवढ्यानेंही काम सुरू होतें.