मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : सामाईक संपत्ती आणि तिची राखण

विहीर सर्वांना खुली झाली की प्रश्न सुटला, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु पाणी भरणारे शंभर आणि गाळ काढणारा एकटा, अशी अवस्था आली म्हणजे ती विहीर कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरपुढील आजचा प्रश्न नेमका हाच आहे.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध झाला. बदल केलेले सॉफ्टवेअर जो इतरांना देईल, त्याने त्याची संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे, हे त्याचे सूत्र. खाजगी मालकीच्या रक्षणासाठी केलेला कॉपीराइटचा कायदा येथे सामाईक मालकीच्या रक्षणासाठी राबविला गेला. हेलसिंकीचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये सुरू केलेले ‘लिनक्स’ पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालत आहेत. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही तेच आहे.

या वैभवाची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये उघड झाली. माहिती आकुंचित करणारे ‘एक्सझेड’ हे लहानसे सॉफ्टवेअर असंख्य संगणकांत वापरले जाते. त्याची देखभाल एक मनुष्य वर्षानुवर्षे, विनावेतन, फावल्या वेळात करीत होता. तो थकला होता, आणि कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यावर दडपण आणले जात होते. अशा वेळी एक ‘मदतनीस’ पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून त्याने विश्वास संपादन केला, देखभालीचा अधिकार मिळविला आणि संहितेत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागल्याचे जाणवले. त्याने कारणाचा छडा लावला आणि मोठा अनर्थ टळला. संहिता खुली होती म्हणून शोध शक्य झाला, हे खरे; परंतु एकट्या माणसावर भार टाकून सारे निर्धास्त राहिले, म्हणूनच चोराला वाट मिळाली.

तेव्हा योगदान म्हणजे या भाराचा वाटा उचलणे. त्याचा आरंभ वापरातून होतो. दोष आढळल्यास तो आधी कोणी नोंदविला आहे काय, हे पाहावे. नसल्यास कोणती आवृत्ती, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे क्रमाने लिहावे. ‘चालत नाही’ एवढीच तक्रार देखभाल करणाऱ्याचे काम वाढविते. त्यानंतर मार्गदर्शिकेतील चुका सुधाराव्यात, भाषांतर करावे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतात, ते भाषांतराच्या अशाच कष्टांमुळे. प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या कार्यकर्त्यालाही हे काम खुले आहे.

संहितेत बदल सुचविताना लिनक्सची शिस्त अनुकरणीय आहे. एका प्रस्तावात एकच बदल असावा. आधी अडचण सांगावी, मग उपाय. तो त्या विभागाच्या जबाबदार व्यक्तीकडे पाठवावा. हे काम देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ग्वाही म्हणून प्रत्येकाने आपले नाव खाली लिहावे, ही प्रथा तेथे २००४ पासून आहे. प्रस्ताव परत आला तर तो अपमान समजू नये. टीका ऐकून तो पुन्हा लिहावा. इतरांचे प्रस्ताव बारकाईने वाचून तपासणे, ही सेवा तर नवी संहिता लिहिण्याहूनही दुर्मिळ आहे.

स्वयंसेवकांच्या त्यागावर सारा डोलारा उभा राहावा, हे मात्र न्याय्य नव्हे. लिनक्सवर आज बहुतांश काम कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. अनेक लहान प्रकल्पांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. ज्या कंपन्या आणि जी सरकारे या संपत्तीवर चालतात, त्यांनी तिच्या राखणदारांना श्रमाचा मोबदला दिला पाहिजे, ही मागणी संघटितपणे पुढे यावयास हवी. आणि ही मागणी करणाऱ्याने गाळाची एक पाटी स्वतःही उचललेली असावी.