सोमवारची पोटदुखी



मी लहान मुलांची डॉक्टर. दवाखान्यात दर सोमवारी एक ठरलेली तक्रार येते: पोट दुखतंय. आठवी-नववीतलं मूल, सोबत काळजीत पडलेली अम्मी. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. रविवारी दुखत नाही, मे महिन्याच्या सुट्टीत तर अजिबात नाही. मग मी अम्मीला जरा बाहेर बसवते आणि विचारते, "वर्गात तुला काय नावाने हाक मारतात?"

बऱ्याचदा तिथेच डोळे भरून येतात. जाड्या, काळी, तोतऱ्या. आपल्या मुलांच्या वाट्याला वर 'पाकिस्तानी' येतं. नाझिया इरम यांच्या 'मदरिंग अ मुस्लिम' या पुस्तकात चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळांमधले असेच अनुभव आहेत. पण फक्त बाहेरच्यांकडे बोट दाखवणं मला पटत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेतही अडखळत बोलणाऱ्याची नक्कल होते, कुणाची बिरादरी काढली जाते, मुलीचा फोटो ग्रुपवर फिरतो. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत टिंगल आणि वाईट टोपणनावं या दोन्हींना मनाई आहे. ती आयत पाठ असलेली मुलंही चिडवतातच!

घरचे म्हणतात, "नाटकं करतो." नाटक नाही ते. उद्या पुन्हा तेच होणार, या भीतीने शरीर सतत सावध राहतं. कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या हार्मोन्सचा तोल बिघडतो. झोप उडते, भूक मरते किंवा खा-खा सुटते, डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. पोटदुखी खरीच असते. कारण फक्त सोनोग्राफीत दिसत नाही.

"मोठा झाला की विसरेल," हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सात आणि अकरा वर्षांच्या वयात ज्यांना वारंवार छळलं गेलं होतं, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं, तब्येतही तुलनेने खराब.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले बहुतेक जण चिडवणारे नाहीत, चिडवले जाणारेही नाहीत. तुम्ही बघणारे आहात. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासलं, तेव्हा बघणाऱ्यांपैकी कुणी मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला होता. दहा सेकंद! मारामारी करायची गरज नाही. "चल, कँटीनला जाऊ," म्हणून त्याला तिथून घेऊन निघा, एवढं पुरतं.

आणि कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर ते गुपित ठेवू नका, दोस्तीची शपथ घातली असली तरी. लगेच एखाद्या मोठ्या माणसाला सांगा, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. अठरा वर्षांखालच्यांसाठी 1098 आहे.

प्रश्न असतील तर विचारा. सगळ्यांसमोर नको असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका.