नादारीचा अर्ज आणि राहते घर

(नाशिक जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या माणसांनी आमच्यापुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ठेवला आहे. कर्ज फिटत नाही. मग नादारीचा अर्ज करावा का? आणि घर विकून मोकळे व्हावे का? या प्रश्नाला घोषणा देऊन उत्तर देता येत नाही. आज आम्ही हिशेब मांडणार आहोत.

पहिली गोष्ट लाजेची. दिवाळे या शब्दाला आपल्याकडे माणूस घाबरतो. व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले की तो दुसऱ्या नावाने पाटी लावतो. कारखाना बुडाला तर कारखाना जातो, मालकाचा बंगला सहसा जात नाही. कंपनीचे देणे कंपनीपुरते, असा कायदाच आहे. २०१६ साली दिल्लीने नवा दिवाळखोरीचा कायदा केला. त्यात बड्या कंपन्यांच्या कर्जाचा मोठा हिस्सा बँकांनी सोडून दिला आणि त्याला पुनर्रचना असे नाव दिले. शेतकऱ्याचे दोन लाख सोडले की मात्र त्याला फुकटेपणा म्हणतात! कापसावर १९७२ पासून तीन दशके एकाधिकार खरेदी लादली, निर्यातीला वेळोवेळी बांध घातले, आयातीची दारे उघडली. पिकाचा खर्च भरून निघू द्यायचा नाही असे धोरण चालले आणि त्याचा साचलेला तोटा तुमच्या खात्यावर कर्ज म्हणून लिहिला गेला. म्हणून कर्ज थकले याची लाज बाळगू नका. पण लाज नाही म्हणून कायदा माहीत नसला तरी चालेल, असेही समजू नका.

हा प्रश्न आजचा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खते, रोखे बाहेर काढून जाळले. इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्याने बंद केले, खास गहाण न दिलेली जमीन जप्तीतून वगळली आणि शेतकऱ्याच्या नादारीचे वेगळे प्रकरण घातले. परक्या सरकारलाही जे १८७९ साली समजले ते सांगायला स्वतंत्र देशात आंदोलन करावे लागते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींनी शेतकऱ्यांना नादारीचे अर्ज कोर्टात द्यायला सांगितले ते याच विचाराने. शेती तोट्यात आहे हे सभेत सांगून कोणी मानत नाही, तर कोर्टाच्या कागदावर येऊ द्या, असा तो विचार होता. तो आंदोलनाचा अर्ज होता. आज तुमच्यापैकी जो एकटा अर्ज करायला निघाला आहे त्याने आपल्या घरापुरता विचार केला पाहिजे.

आता कायदा. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे सोडून बाकी मुलखात सामान्य माणसाच्या नादारीला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. २०१६ च्या कायद्यात सामान्य माणसाचे प्रकरण आहे, पण २०१९ साली ते लागू केले ते फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्या माणसांपुरते. तेव्हा आपला विचार १९२० च्या कायद्यावर करायचा.

देणे फेडायची ऐपत नाही आणि देणे किमान ५०० रुपये आहे, एवढे दाखवून कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. कोर्टाने नादार ठरवले की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, विकली जाते, देणेकऱ्यांत वाटली जाते. मग कोर्टाने ठरवलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करायचा. तो केला नाही तर नादारीच रद्द होते आणि सगळे पहिल्या पानावर येते. मुक्तता मिळाली की उरलेल्या देण्यातून माणूस सुटतो.

पण यात चार खुंट्या आहेत, त्या नीट ऐका.

पहिली खुंटी. ज्याच्याकडे तारण आहे त्याचा हात नादारीने थांबत नाही. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढलेला असतो. तो बोजा नादारीने पुसला जात नाही. दुसरी, सरकारी देणे मुक्ततेनंतरही राहते. तिसरी, तुमचा जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तर जामीन राहिलेल्या भावकीतल्या माणसाच्या दारात वसुली जाते. चौथी, अर्जाच्या आधी दोन वर्षांत बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर फुकट केलेले बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकते. लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आम्ही मनापासून मानतो. घरातल्या लक्ष्मीच्या नावावर जमीन व्हायलाच हवी. पण ती चांगल्या दिवसांत, हक्क म्हणून करायची. जप्तीची नोटीस आल्यावर धावपळीने केलेला कागद तिच्याही उपयोगी पडत नाही. आणि मालमत्ता लपवली तर तो गुन्हा आहे.

मग नादारीचा उपयोग कोणाला? दोन उदाहरणे घेऊ. माणसे मनाने घेतली आहेत, हिशेब खरा आहे.

एका शेतकऱ्याची ६ एकर कोरडवाहू जमीन आहे, कापूस आणि ज्वारी. सोसायटीचे व्याजासह १ लाख ८० हजार, कृषी सेवा केंद्राची उधारी ७० हजार, हातउसने आणि सावकाराचे दीड लाख. एकूण ४ लाख. जमिनीचा भाव एकरी ४ लाख धरला तर मालमत्ता २४ लाखांची. हा माणूस अडचणीत आहे, पण नादार नाही. त्याने अर्ज केला तर कोर्ट विचारील, देणे चार लाख आणि जमीन चोवीस लाखांची, ऐपत नाही कशी? आणि अर्ज चाललाच तर जमीन रिसीव्हरच्या हाती जाऊन पडत्या भावाने विकली जाईल. त्याने छातीवर दगड ठेवून एक एकर स्वतः गिऱ्हाईक पाहून विकावी, घेणाऱ्याने सोसायटीचा भरणा परस्पर करावा, बोजा कमी करून घ्यावा. उरलेली पाच एकर वाचते. लिलावात तीच एकर निम्म्यात जाईल आणि वर खर्च चढेल.

दुसऱ्याची दीड एकर आहे. त्याच भावाने ६ लाखांची. देणे ९ लाख. त्यात सोसायटीचे १ लाख, बाकी ८ लाख सावकार, व्यापारी, दवाखाना, मुलीचे लग्न. हा खरा नादार. जमीन जाईल, पण ती तशीही जाणार आहे. सोसायटीचे एक लाख आधी गेले, की उरलेले पाच लाख आठ लाखांच्या देणेकऱ्यांत वाटले जातील. मुक्तता मिळाल्यावर बाकीच्या तीन लाखांसाठी जन्मभर दारात कोणी उभा राहणार नाही. याने वकिलाला भेटावे. वकिलाची फी नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता आणि बाकी गरिबांना उत्पन्न पाहून फुकट वकील मिळतो.

आता घर. इथे आम्ही तुम्हाला हात जोडून सांगतो, घाई करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० तोंडपाठ करा. शेतकऱ्याचे, शेतमजुराचे राहते घर, त्याची जागा आणि लागून असलेले अंगण जप्त करता येत नाही. शेतीची अवजारे, आणि कोर्टाला पोटासाठी गरजेचे वाटतील तेवढे बैल आणि बियाणेही जप्त करता येत नाही. नादारीच्या कायद्यातही हेच वगळलेले आहे. म्हणजे जो दीड एकरवाला नादार ठरला त्याचे गावठाणातले घर त्याचेच राहते. उसनवारीच्या देण्यापोटी कोर्टाचा हुकूमनामा आला म्हणून घर मोडून पैसे भरणारा माणूस, कायदा जे मागत नाही ते देत असतो. आणि ‘हा हक्क मी सोडला’ असे कोणी आधी लिहून घेतले असेल तर तो करार रद्दबातल आहे. तसे त्याच कलमात १९७६ साली घातले आहे.

मग घर जाते कशाने? आपण स्वतः गहाण टाकल्याने. गहाणखत केले की हे संरक्षण संपते. नमुना आठचा उतारा देऊन पतसंस्थेचे कर्ज काढले, की ते घर तारण झाले. शेतजमिनीवर २००२ चा सरफेसी कायदा चालत नाही, पण तारण घरावर चालतो, आणि सहकारी बँकांनाही तो वापरता येतो असे सुप्रीम कोर्टाने ५ मे २०२० रोजी सांगितले. मळ्यात घर बांधलेल्यांनी आणखी जपावे. गहाणखतात सगळा गट लिहिला असेल तर त्यावरचे घरही त्यात आले. म्हणून आमचा पहिला नियम असा, की पिकाच्या कर्जासाठी घराचा कागद बाहेर काढायचा नाही. आणि सावकाराला घराची सौदापावती, साठेखत करून द्यायचे नाही. कर्जापोटी बेकायदा सावकाराने खरेदीखत करून घेतलेली मालमत्ता २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. खरेदीखत झाले म्हणजे सगळे संपले असे समजून घर सोडून जाऊ नका.

आपल्या जिल्ह्याची वेगळी दुखरी जागा आहे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर जिल्हा बँक अडचणीत आली, आणि पुढे थकबाकीदारांच्या जमिनींच्या लिलावाची कारवाई सुरू झाली. २०२३ च्या जानेवारीत मालेगावला त्यावर मोर्चा निघाला. गावोगावी लोकांनी ठरवले, की शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली लावायची नाही. ही माणुसकी मोठी आहे, पण ती पुरी पडत नाही. बोली लागली नाही तर सहकार कायद्याच्या कलम १०० खाली तीच जमीन संस्थेच्या नावावर चढवता येते. तेव्हा लढाई लिलावाच्या दिवशी नाही, ती कलम १०१ च्या नोटिशीच्या दिवशी आहे. त्या सुनावणीला हजर राहा. खातेउतारा मागा. शेतीकर्जावर मुदलापेक्षा जास्त व्याज घेऊ नये, असा दामदुपटीचा दंडक त्याच कायद्याच्या कलम ४४ अ मध्ये आहे. त्याला असलेले अपवाद वकिलाकडून वाचून घ्या आणि लेखी हरकत द्या. एकदा वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणी मागायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेवढे पैसे असते तर माणूस थकला कशाला असता?

आणखी दोन भीती घालवतो. तुरुंगाची भीती. १९८० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले, की नुसत्या गरिबीमुळे देणे फिटले नाही म्हणून माणसाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला तर अटकच करता येत नाही. दुसरी भीती मुलाबाळांची. बापाचे देणे मुलाला लागते ते बापाकडून आलेल्या मालमत्तेपुरतेच. मुलाच्या स्वतःच्या कमाईला ते लागत नाही. आणि मायबहिणींसमोर हे बोलायलाच हवे, की माणूस गेला म्हणून तारण जमिनीवरचा बोजा जात नाही. बोजा तसाच राहतो, हिशेब समजणारा आणि सुनावणीला उभा राहणारा मात्र घरातून कमी होतो. मनात काळे विचार येत असतील त्याने ते दडवून ठेवू नयेत. घरात सांगावे, शेजारच्या कार्यकर्त्याला सांगावे. आणि ज्याच्या शेजारी असा माणूस आहे त्याने बोलावण्याची वाट पाहू नये.

काय राखायचे आणि काय सोडायचे याचा क्रम आम्ही असा मानतो. माणूस पहिला. मग घर. मग बैल, अवजारे. मग जमीन, आणि तीही जमेल तेवढी. इभ्रतीच्या नावाखाली आपण हा क्रम उलटा लावतो. सातबारा कोरा दिसावा म्हणून घर विकतो, गावाला कळू नये म्हणून सावकाराकडे जातो, आणि शेवटी माणूसच गमावतो.

कर्जमुक्तीची लढाई चालूच राहील. १९९०, २००८, २०१७, २०१९, इतक्या वेळा कर्जमाफ्या झाल्या आणि इतक्या वेळा कर्जे पुन्हा चढली. भाव मिळाल्याशिवाय खाते कोरे राहत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. भीक नको, घामाचे दाम हवे, हे आमचे मागणे बदललेले नाही. पण दाम मिळेपर्यंत घर उभे राहिले पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना चार कागद आणा. सातबारा, नमुना आठ, सोसायटीचा खातेउतारा आणि आलेली प्रत्येक नोटीस. एका कागदावर सगळी देणी लिहा, सावकाराचेही लिहा, बायकोला माहीत नसलेलेही लिहा, आणि तो कागद आधी तिला वाचून दाखवा. कोणाचे तारण आहे, कोण जामीन आहे, एवढे पुढे मांडले की कोणी नादारीचा अर्ज करायचा, कोणी एक एकर विकायची आणि कोणी फक्त हरकत नोंदवून थांबायचे, ते आपण एकेकाच्या हिशेबाने, एकत्र बसून ठरवू. तोवर कोणीही घराच्या कागदावर सही करू नये.