दहा पैशांचा नंबर



डायरेक्ट सेलिंगच्या सभेत अध्यक्षानं उत्पन्नाची स्वप्नं दाखवावीत, असा रिवाज आहे. मी मात्र आज खर्चावर बोलणार आहे, तेही आपण कधी वहीत न लिहिणाऱ्या खर्चावर.

नवा माणूस जोडला गेला की अपलाइन, म्हणजे साखळीतली त्याच्या वरची फळी, त्याला शंभर नावांची यादी करायला सांगते. भाऊबंद, मेव्हणे, वर्गमित्र, किराणा दुकानदार. आपल्या भूम-वाशी तालुक्यांत ही यादी फार लवकर आटते, कारण त्याच शंभर जणांच्या ओसरीवर आधीच दुसरा कुणी चहा पिऊन गेलेला असतो. मग व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: पाच हजार लीड, फक्त ५०० रुपयांत. नंबरामागे दहा पैसे! आता हिशेब मांडू. उचललेले, न उचललेले, बंद लागणारे असे सगळे धरून एका फोनला दोन मिनिटं लागतात असं समजा. पाच हजार नंबरांना दहा हजार मिनिटं, म्हणजे रोज आठ तास बसलात तर एकवीस दिवस. दिवसाचे ३०० रुपये, साधारण रोजगार हमीवरच्या मजुरीइतके, धरले तरी सहा हजारांच्या वर गेले. यादीचे ५०० त्यात किरकोळच. म्हणून किंमत नंबरावर काढू नका. आपल्याशी राजीखुशीनं बोलणारा एक माणूस कितीला पडला, ते काढा.

कळंबच्या आडतीवर सोयाबीन आलं की व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर पसरतो, मातेरं बघतो, ओलावा मोजतो, मग भाव बोलतो. यादी विकणाऱ्याकडे अशीच मूठ मागा. पन्नास नंबर, तेही त्यानं निवडलेले नव्हे, आपण सांगू त्या पानावरचे. ते लावून बघा. मूठ द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याशी पुढं बोलायचं कारणच उरत नाही.

त्याला आणखी एक प्रश्न विचारायचा: या माणसानं आपला नंबर कुठं, कधी आणि कशासाठी दिला होता? मला इथं जास्त थांबायचं आहे. २०१८ साली आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यात भूम-कळंबचा हा आपला जिल्हाही होता. भरतीचे आणि नोकरीचे फॉर्म भरणाऱ्या पोरांची इथं कमतरता नाही. ‘व्यवसायात रस असलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यादीत अशीच पोरं असतील, तर ती आपली गिऱ्हाइकं नव्हेत. त्यांना पगार हवा आहे. आपला फोन नोकरीचा समजून ती उचलतात आणि आपण त्यांना किट घ्यायला सांगतो. याला मी विक्री म्हणत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं मूळ सूत्रही हेच आहे की, संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची.

डिसेंबर २०२१चे डायरेक्ट सेलिंगचे नियमही आपल्यातल्या अनेकांनी उघडून पाहिलेले नाहीत. बोलणं सुरू करतानाच आपलं नाव, कंपनी, वस्तू आणि फोनचा हेतू स्पष्ट सांगावा लागतो. ‘एक जबरदस्त संधी आहे, पण फोनवर सांगता येणार नाही’ हे आपलं लाडकं वाक्य तिथंच बाद होतं. प्रवेश फी घेता येत नाही, आणि ओळखपत्र व आधी ठरवलेली वेळ यांशिवाय कुणाच्या घरी जाता येत नाही. शिवाय ऑगस्ट २०२४मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, आदेश काढला आहे: नोंदणी न करता विक्रीचे फोन करणाऱ्याची जोडणी तोडायची आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं. ज्या नंबराला आपलं बँकखातं जोडलेलं आहे, तोच नंबर दहा पैशांच्या यादीसाठी पणाला लावायचा का?

या याद्यांचा खरा ग्राहक कोण, हेही एकदा बोलून टाकतो. तो आपणच. ज्याची साखळी चालत नाही, त्यालाच यादी विकली जाते. त्याची चालली नाही की तीच पुढच्याला.

दुपारी ठरावांचं सत्र आहे. मसुद्यात दोन वाक्यं घालावीत, अशी माझी विनंती आहे. नंबर कुठून आला हे जो लेखी देत नाही, त्याच्याकडून आपल्यापैकी कुणीही यादी घेणार नाही. आणि ‘पुन्हा फोन करू नका’ असं ज्यांनी एकाला सांगितलं, त्यांना आपल्यातल्या दुसऱ्या कुणाचाही फोन जाणार नाही. पहिल्याला विरोध होईल असं वाटत नाही. दुसऱ्यावर वाद होईल, तो मोकळेपणानं व्हावा.