मिनिटांत मोजलेली जमीन

वाशिंद स्टेशनाबाहेर पडून नाशिक महामार्गाकडे निघालं, की प्लॉटच्या जाहिरातींचे फलक लागतात. ‘स्टेशनपासून फक्त 5 मिनिटांवर.’ ‘समृद्धी महामार्गालगत.’ ‘निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर.’ यातलं एखादं वाक्य धडधडीत खोटं असेलच असं नाही. म्हणून तर ती जास्त सावधपणे वाचायची.

पाच मिनिटं कशानं? एप्रिलमध्ये रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकलनं, की जुलैच्या चिखलात पोराचं दप्तर सांभाळत पायी? किलोमीटर लिहिले असते, तर कुणीही मोजून जाब विचारला असता. मिनिटांचा जाब कुणाला विचारणार?

समृद्धीचं तसंच. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. पण या रस्त्यावर वाटेल तिथून चढता येत नाही; ठरलेल्या इंटरचेंजवरूनच जावं लागतं. प्लॉट रस्त्यालगत असला, तरी गाडी रस्त्यावर कुठून चढणार, ते फलक सांगत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पाण्याचं चित्र. माहितीपत्रकावर निळंशार धरण असतं. भातसा आणि तानसा आपल्याच तालुक्यात आहेत, ते पाणी मुंबईला जातं, आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. चित्र खरं आहे. नळाला पाणी कुठून येणार, हे त्या चित्रात नाही.

1937 साली न्यूयॉर्कमध्ये काही अभ्यासकांनी प्रचाराचं विश्लेषण करणारी एक संस्था काढली आणि प्रचाराच्या सात युक्त्या नोंदवल्या. सोयीचं तेवढंच दाखवणं ही त्यातली एक. ‘सगळे घेताहेत, तुम्हीच मागे का?’ ही दुसरी. त्यांच्यापुढे राजकीय प्रचार होता. आपल्याकडे त्याच युक्त्या गुंठ्याच्या भावात भेटतात. रविवारी मोफत गाडी, मोफत जेवण, आणि परतताना ‘दोनच प्लॉट उरलेत, आजच टोकन द्या’. खाल्लेल्या जेवणाची भीड पडते आणि विचार करायचा वेळ हातचा जातो.

‘प्रस्तावित’ हा शब्द दिसला, की प्रस्ताव कुणाचा, एवढं विचाराच. ‘एनए होणार’ म्हणजे अजून झालेलं नाही. सातबारावर ‘इतर हक्क’ आधी वाचा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि आपल्या भागात अशा जमिनी पुष्कळ आहेत.

कायदा जाहिरातीतल्या शब्दांनाही बांधून ठेवतो. 2016 च्या रेरा कायद्यानुसार 500 चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटिंग प्रकल्पाची, नोंदणीशिवाय, जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर व्याजासह रक्कम परत मागता येते. तेव्हा ते हँडबिल रद्दीत टाकू नका, जपून ठेवा. आणि गाडीत बसवून नेताना जे जे तोंडी सांगितलं, ते सहीनिशी लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर टोकनचे पैसे खिशातच राहू द्या.